खापरपणजोबांची निशाणी



सुगी सरली की आपल्या कोल्हापूर भागातल्या खेड्यांत वंशावळ सांगणारे हेळवी येतात. भल्या सकाळी दारात उभं राहून हेळवी घराण्याचा पाठ म्हणू लागतो. मूळ पुरुष कोण, तो कुठल्या गावचा, तिथून का निघाला, भाऊ कुठे कुठे पांगले, कुणाचा वंश कुठे वाढला. घरातल्या पोरांना आजोबांच्या वडिलांचं नाव ठाऊक नसतं, आणि दारातला हा माणूस कित्येक पिढ्या न अडखळता सांगून जातो. मग घरात जन्मलेलं नवं मूल त्याच्या वहीत चढतं, सुपातून धान्य येतं आणि तो पुढच्या दाराला जातो.

एकोणिसाव्या शतकातला आपला माणूस शोधायचा असेल तर सुरुवात इथून करावी, असं माझं मत आहे. पाठातून नाव मिळतं, गाव मिळतं. साल मात्र मिळत नाही. त्यासाठी कागदाकडे जावं लागतं, आणि कागदाची वाट आपल्यापासून मागे मागे जाते. आधी सातबारा, मग जुने फेरफार, मग गावचं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. मग शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ज्या घरांत त्याआधी कुणी पाटी धरली नव्हती, त्या घरांतली पोरंही रजिस्टरवर आली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या बापाचं नावही आलं.

त्याच्याही मागे जायचं तर मोडी कागद, आणि ते पाहायला आपल्या कोल्हापूरचं पुरालेखागार. तिथे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी लागते. आपलं गाव तेव्हा कुणाकडे होतं? आजचा हातकणंगले तालुका त्या काळी आळते पेटा होता. गाव कागल, बावडा, विशाळगड, इचलकरंजी अशा एखाद्या जहागिरीत असेल तर दप्तर निराळं. सालाचाही असाच घोळ होतो. कागदावर नुसतं संवत्सराचं नाव असेल, तर तेच नाव साठ वर्षांनी पुन्हा येतं. पिंगल संवत्सर १७९७ सालीही होतं आणि १८५७ सालीही. शक दिला असेल तरच नक्की सांगता येतं.

आमच्या घरात एक गहाणखत आहे. शके १७७९, पिंगल नाम संवत्सरे, श्रावण मास. म्हणजे १८५७. त्याच श्रावणात, ३१ जुलैला, कोल्हापुरात इंग्रजांच्या २७व्या पलटणीनं बंड केलं होतं. आमच्या कागदात त्याचा शब्द नाही. भर पावसाळ्यात एक बैल मेला आणि दुसरा घ्यायला माझ्या खापरपणजोबांनी जमिनीचा एक तुकडा गहाण टाकला, एवढंच त्यात आहे. बोरूनं लिहिलेल्या ओळी न तुटता डावीकडून उजवीकडे गेल्या आहेत. खाली सहीच्या जागी लिहिणाऱ्यानं त्यांचं नाव घातलंय आणि पुढे ‘निशाणी नांगर’. बाजूला चार रेघांचा एक छोटा नांगर काढला आहे. अक्षर न येणारा शेतकरी अशीच सही करत असे. कागदाच्या पाठीवर, वेगळ्या हातानं आणि फिक्या शाईनं, रक्कम फिटल्याची नोंद आहे. माझ्या लेखी ती नोंद एखाद्या लढाईच्या बखरीएवढीच मोलाची आहे.

घराघरांतून ऐकू येणाऱ्या कथा याहून मोठ्या असतात. आमचा पूर्वज गडावर होता, त्यानं तलवार गाजवली, असं पुष्कळ घरांत सांगतात. त्या कथा खोट्या म्हणून टाकून देऊ नयेत. भुदरगड, सामानगड, पन्हाळा या गडांवर वंशपरंपरेनं शिबंदी राखणारे गडकरी होते आणि त्या चाकरीबद्दल त्यांना जमिनी होत्या. इंग्रजांनी कारभारावर नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या काळात त्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात द्यायचं ठरलं, आणि १८४४ साली सामानगडापासून गडकऱ्यांचा उठाव पेटला. म्हणजे घरच्या कथेत तलवार असली तरी कागदात जमीन सापडेल. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की माणूस दिसू लागतो.

राजाचं तसं नसतं, त्याची नोंद आपोआप राहते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपला गेले. परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबरला, विशीतच फ्लॉरेन्सला वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचं स्मारक आजही आहे आणि त्यांची रोजनिशी १८७२ साली छापली गेली. त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून गेलेली कोल्हापूरची माणसंही होती. त्यांच्या घरच्यांनी त्या प्रवासाच्या गोष्टी ऐकल्या असतील. त्या कुणी लिहून ठेवल्या असतील तर अजूनही एखाद्या माळ्यावरच्या पेटीत असतील.

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली गेली. मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. जातीच्या दाखल्यासाठी का होईना, पुष्कळांनी आपल्या पणजोबांचं नाव पहिल्यांदाच कागदावर पाहिलं. दाखला मिळाला की तो कागद पुन्हा विसरला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि या सगळ्यात मला सलते ती एक उणीव. हेळव्याचा पाठ बापाकडून मुलाकडे जातो. कागदातही अमुक बिन तमुक, म्हणजे तमुकाचा मुलगा. बाई दिसते ती नवरा गेल्यावर, जमिनीचा प्रश्न आला की. अमुक कोम तमुक, म्हणजे तमुकाची बायको, आणि तिची निशाणी बांगडी. ज्या करवीर राज्याची गादी ताराराणींनी १७१० साली उभी केली, त्याच राज्यातल्या आमच्या खापरपणजीचं नाव मला कुठेच सापडलेलं नाही. बैल का घ्यावा लागला ते कळलं, पण तिचं माहेर कुठलं ते कळलं नाही.

तेव्हा श्रोतेहो, एवढं करा. घरात जुने कागद असतील तर त्यांना प्लॅस्टिकमध्ये चिकटवून लॅमिनेट करू नका. पूर्वी दप्तर जसं रुमालात बांधत तसं स्वच्छ सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा. कोल्हापुरात मोडीचे वर्ग भरतात, घरातल्या एखाद्या तरुणाला तिकडे धाडा. आणि घरात सगळ्यात वयस्कर जी आजी असेल तिच्याजवळ आज वही घेऊन बसा. तिच्या आईचं नाव, सासूचं नाव, आजेसासूचं नाव आणि त्या प्रत्येकीचं माहेर तिला विचारून लिहून घ्या.