पॅनमन कारखाना सोडतो तेव्हा

सहकारी साखर कारखान्यातली नोकरी नाशिक जिल्ह्यात एके काळी सरकारी नोकरीच्या तोडीची मानली जाई. निफाड तालुक्यातील भाऊसाहेबनगर, नाशिकजवळचे पळसे किंवा देवळा तालुक्यातील विठेवाडी येथे एखाद्याचे नाव कायम कामगारांच्या यादीत लागले की त्रिपक्षीय समितीने, म्हणजे शासन, कारखानदार आणि कामगार संघटना यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून ठरवलेले वेतन त्याला मिळे; हंगामी कामगारालाही गाळप थांबल्यावर ‘रिटेन्शन’, म्हणजे पुढच्या हंगामाला त्याने परत यावे म्हणून दिला जाणारा वेतनाचा ठरावीक हिस्सा, मिळत असे.

पुढे हे तिन्ही कारखाने कर्जात रुतले आणि बंद पडले किंवा भाडेतत्त्वावर गेले. दुष्काळ, साखरेचे भाव आणि उसाची जागा घेणारी द्राक्षे ही कारणे खरी आहेत. मात्र त्याच जिल्ह्यात, त्याच भावात आणि त्याच शासकीय नियमांखाली दिंडोरी तालुक्यातील कादवा कारखाना चालत राहिला, म्हणून सगळा दोष पावसाच्या माथी मारता येत नाही.

अशा कारखान्याचा ऱ्हास बहुधा हंगामात नव्हे, तर हंगाम संपल्यावर सुरू होतो. गाळप आटोपले की मिल, बॉयलर आणि पंप उघडून दुरुस्त करायचे, हा शिरस्ता असतो. परंतु पैसा नाही म्हणून ज्या वर्षी ही दुरुस्ती उरकून टाकली जाते आणि त्याच वर्षी कुणाच्या तरी शिफारशीने नवी भरती मात्र होते, त्या वर्षी कामगारांना व्यवस्थापनाचे मन कळते. पुढच्या हंगामात मिल मध्येच बंद पडते, गव्हाणीजवळ, म्हणजे ऊस मिलमध्ये टाकण्याच्या जागी, ऊस वाळतो आणि उतारा, म्हणजे शंभर किलो उसामागे हाती येणारी साखर, घसरतो. पॅनमन, म्हणजे पाक शिजवणारा कारागीर, काचेच्या तुकड्यावर पाकाचा थेंब पसरून उजेडाकडे धरतो आणि दाणा कसा बसतो आहे ते नजरेने ठरवतो. ही नजर वर्षांनुवर्षांच्या पाळ्यांतून येते आणि कोणत्याही कारखान्याला ती हवी असते, त्यामुळे पगार लांबू लागला की सर्वांत आधी तोच दुसरीकडे जातो.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 च्या आपल्या ग्रंथात दाखवले की बिघडत्या संस्थेतील माणसापुढे निघून जाणे किंवा आवाज उठवणे हे दोन मार्ग असतात, आणि जे आवाज उठवू शकले असते तेच पुष्कळदा आधी निघून जातात. सहकारात यात आणखी एक गुंता आहे, तो असा की कामगाराचा बाप किंवा चुलता हाच कारखान्याचा सभासद आणि संचालकांचा मतदार असतो, त्यामुळे कारभाराविरुद्ध बोलणे हे भावकीविरुद्ध बोलणे ठरते. जो जाऊ शकत नाही आणि बोलूही शकत नाही, तो केवळ हजेरी लावतो. चांगल्या कारखान्याची कळा जाते ती येथे. तोटा ताळेबंदात दिसतो तो त्यानंतर.

याहून वाईट अवस्था भविष्य निर्वाह निधीची. पगारातून कापलेली रक्कम निधीत न भरता खेळत्या भांडवलात वापरणे, हा आर्थिक अडचणीपेक्षा विश्वासघाताचा प्रकार अधिक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात असा निर्णय दिला की बँकेकडे तारण असलेल्या साखरेवरही या निधीच्या थकबाकीचा हक्क आधी येतो. पळसे येथील कारखाना 2022 मध्ये भाडेतत्त्वावर पुन्हा सुरू झाला, त्याचे स्वागत झाले आणि ते योग्यही होते. परंतु भाडेकरू यंत्रे चालवायला येतो, निधीची थकबाकी सोडली तर बाकीची जुनी देणी त्याच्या गळ्यात आपोआप पडत नाहीत, आणि बंद काळात निवृत्त झालेल्या कामगाराने आपला थकलेला पगार नेमका कोणाच्या दारात मागायचा, याचे उत्तर करारात स्पष्ट लिहून घेतले तरच त्याला मिळते.