दुप्पट मात्रा

तात्यांचा हिशेब सगळीकडे दुपटीचा. पावसजवळच्या त्यांच्या हापूसच्या बागेत मोहोरावर तुडतुडा दिसला, की बाटलीवर लिहिलंय त्याच्या दुप्पट औषध पंपात पडायचं. घशात गाठ निघाली नि परळच्या टाटा रुग्णालयात सात आठवड्यांचा किरणांचा शेक सांगितला, तेव्हाही त्यांनी तोच हिशेब मांडला. "डॉक्टरीणबाई, रोज दुप्पट द्या नि साडेतीन आठवड्यांत मोकळं करा. आंबा तोंडावर आलाय."

डॉक्टरांनी मान हलवली. किरणांची मात्रा रोज दोन ग्रे, आठवड्याचे पाच दिवस, एकूण ७०. त्यात घासाघीस नाही.

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत शेजारीच गुहागरकडचे भाऊ उतरले होते. गाठ तशीच, जागा तीच, मात्राही तीच. रोज चेहऱ्यावर प्लॅस्टिकचा जाळीदार साचा बसवून तो टेबलाला आवळायचे. बाहेर आल्यावर दोघांच्या कपाळावर जाळीची नक्षी उठलेली असे, नि दोघं एकमेकांकडे बघून हसत. पुढे तोंड सोलवटलं, पेजसुद्धा उतरेना, तेव्हा हसणं थांबलं.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. तात्यांची गाठ गेली होती. भाऊंची होती तिथेच होती.

तात्यांनी निकाल लावून टाकला. "लपूनछपून तंबाखू खात असणार. मी बघा, गुळवेलीचा काढा एक दिवस चुकवला नाही!" रत्नागिरीत ज्या ओटीवर टेकले, तिथे हेच. कोविडपासून इम्युनिटी बाटलीत मिळते असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. गाठीतल्या पेशींना त्या बाटलीचा पत्ता नसतो, हे त्यांना सांगायचं कोणी?

पुढच्या खेपेला तात्यांनी हेच डॉक्टरांना ऐकवलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तात्या, किरण गाठीतल्या पेशींचा डीएनए तोडतात, पण काम तिथे संपत नाही. मरणाऱ्या पेशींमधून त्यांची ओळख पटवणारी प्रथिनं बाहेर पडतात. शरीराचे पहारेकरी ती उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात. तिथे टी पेशींना शत्रू कळतो, नि त्या गाठीत शिरून उरलेल्यांना मारतात. ज्यांच्या गाठीत या टी पेशींची गर्दी असते, त्यांना शेक बहुधा चांगला लागू पडतो. काही गाठींत त्या नसतातच. काहींत भक्षक पेशी फितूर झालेल्या असतात. त्या टी पेशींना दाबतात नि गाठीला नव्या रक्तवाहिन्या बांधून देतात."

"म्हणजे भाऊंना दुप्पट द्यायला हवं होतं."

"१९७९ साली अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाला. धडधाकट उंदरांपैकी निम्म्यांच्या गाठी ३० ग्रेमध्ये आटोक्यात आल्या. टी पेशी काढून घेतलेल्यांना ६४ ग्रेच्या वर लागले. पण माणसाच्या घशाला दुप्पट सोसत नाही. शिवाय टी पेशी फार नाजूक, थोड्या किरणांनीही मरतात. तुमच्या बागेत दुप्पट फवारून तुडतुडा संपला का?"

तात्या गप्प. तुडतुड्यांआधी त्यांना खाणारे कोळी संपले होते, नि पंधरवड्यात तुडतुडा पुन्हा हजर, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

"तंबाखू सुटायलाच हवी," डॉक्टर म्हणाल्या, "पण गाठीत कोणत्या पेशी असाव्यात हे भाऊंच्या हातात नव्हतं. तुमच्याही नव्हतं, नि काढ्याच्या तर मुळीच नाही. आधीच ओळखायचं कसं, यावर अजून संशोधन चालू आहे. भाऊंची आता शस्त्रक्रिया करायची आहे. स्वरयंत्र काढावं लागेल."

जिथे जिथे तंबाखूची गोष्ट सांगितली होती, त्या प्रत्येक ओटीवर तात्यांना पुन्हा जावं लागलं. दोन ठिकाणी लोक हसले. एकाने विचारलं, "मग काढा सोडलात?" त्यांनी उत्तर दिलं नाही.

शस्त्रक्रियेसाठी रक्त हवं होतं. आपलं चालणार नाही असं कळल्यावर तात्या थोरल्या मुलाला घेऊन तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरले नि तसेच परळला गेले. फॉर्मवर रुग्णाशी नातं विचारलं होतं. मुलगा वडिलांकडे बघायला लागला.

"लिही, चुलते," तात्या म्हणाले.