रिकाम्या चौकटीत काय लिहायचं?

एखाद्या घराण्याचा जुना कुलवृत्तांत चाळला की पुरुषांची नावं आठ-आठ, दहा-दहा पिढ्या सलग सापडतात. बायका मात्र बऱ्याच ठिकाणी ‘पत्नी’, ‘पहिली पत्नी’, ‘कन्या २’ एवढ्यावर आटोपलेल्या असतात. हीच माहिती आज फोनवर वंशवृक्षाच्या ॲपमध्ये भरायला घेतली की पणजीच्या सासूपाशी बोट थांबतं. चौकट आहे, नाव नाही. तिथे काय लिहायचं?

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे चौकटच काढून टाकायची. या उपायाला मोठा सरकारी दाखला आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदार याद्या तयार होत होत्या, तेव्हा असंख्य बायकांनी परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगितलंच नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. सेन यांचा आग्रह मला पटतो. मतदार ही स्वतंत्र व्यक्ती आहे, तिला नाव हवंच. शिवाय त्या बायका हयात होत्या, पुढच्या वेळी नाव सांगू शकत होत्या. पणजीच्या सासूला ती सोय नाही. नाव नाही म्हणून तिला वगळलं, तर दुसऱ्यांच्या हलगर्जीपणाची शिक्षा तिलाच होते.

दुसरा उपाय मायेचा वाटतो : तिला आपणच एखादं नाव द्यायचं. त्या काळात शोभेल असं, गंगा किंवा लक्ष्मी. पण आपल्याकडे लग्नात तांदळावर अंगठीने नवं नाव लिहून सुनेचं जुनं नाव पुसायची रीतच होती. आनंदीबाई जोशी मूळच्या यमुना, हे आपल्याला कळतं. कारण त्या डॉक्टर झाल्या, त्यांची चरित्रं लिहिली गेली. बाकीच्यांची माहेरची नावं माहेरच्या माणसांबरोबर गेली. एकदा नाव बदललेल्या बाईचं आपण पुन्हा बारसं करायचं? आणि अंदाजाने लिहिलेलं नाव भाऊबंद कॉपी करतात, दोन वर्षांत ते खरं ठरतं. मग खरं नाव कोणी शोधतच नाही.

उरतो तिसरा शब्द, ‘अज्ञात’. तो प्रामाणिक आहे, पण अर्धवट. ती कोणाला अज्ञात होती? तिच्या आईला नव्हती, मैत्रिणींना नव्हती. अज्ञान आपलं आहे आणि नोंद अशी वाचली जाते, जणू तो तिचाच गुण.

न कळणाऱ्या गोष्टींना जागा कशी ठेवावी, हे परंपरेला ठाऊक होतं. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायची मुभा आहे. तिथी हरवली म्हणून पान वाढायचं कोणी थांबत नाही, आणि कुठलीतरी तारीख तिच्या नावावर खपवतही नाही.

वंशवृक्षातही हेच करता येईल. चौकट ठेवायची आणि जे ठाऊक आहे ते सगळं लिहायचं : तीन मुलांची आई, माहेर कोकणातलं, धाकट्या मुलाच्या जन्मानंतर गेली. मग एक वाक्य : ‘कुलवृत्तांतात नाव दिलेलं नाही, आम्हाला अजून सापडलेलं नाही.’ या वाक्यात नाव कोणी लिहिलं नाही तेही कळतं आणि शोध संपलेला नाही हेही. उद्या एखाद्या चुलत घराण्याच्या कागदात किंवा तीर्थोपाध्यायांच्या वहीत नाव मिळालं, तर भरायला जागा मोकळी असते.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावापाठोपाठ आईचं नाव येतं, मग वडिलांचं. त्या मुलांच्या पणतवंडांना हा प्रश्न बहुधा पडणार नाही. मागच्या पिढ्यांसाठी असा नियम करता येत नाही. तिथे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला फोन करून विचारावं लागतं, ‘आजी, तुझ्या सासूबाईंचं माहेरचं नाव काय होतं गं?’ आणि ती जे सांगेल ते, कोणी आणि कधी सांगितलं यासकट, त्याच दिवशी लिहून ठेवावं लागतं.