मुक्या जिवाचे मन

निपाणी-चिकोडीच्या बाजूला जत्रा जवळ आली की घोडागाडीच्या शर्यतीची तयारी सुरू होते. पहाटे रस्त्यावर टापा वाजू लागतात. तोच रस्ता, तेच वळण, तीच दौड. घोड्याला हरभरा वेळेवर मिळतो, खरारा होतो, नाल बदलले जातात. एवढ्याने धन्याचे कर्तव्य पुरे झाले काय? नीतिसूत्रे १२:१० हे वचन नीतिमानाची पारख त्याच्या गोठ्यातही करावयास लाविते. आम्ही विचारतो, पशूची काळजी म्हणताना त्यात त्याचे मनही येते की नाही?

घोडा हा कळपात राहून चरत हिंडणारा प्राणी. एकटा बांधून ठेवला तर तो लाकूड चावू लागतो, जागच्या जागी झुलतो. एकच धडा शंभरदा गिरवून घेतला तर त्याचे लक्ष उडते, तोंड लगामाला दाद देईनासे होते. मग चाबूक उगारला जातो. चूक कोणाची? आम्हांस वाटते, पुष्कळदा गुरूच्या आळसाची शिक्षा शिष्याला भोगावी लागते.

कोणी म्हणेल, सरावावाचून घोडा शिकणार कसा? हे खरे आहे. खूण आणि शब्द बदलू नयेत. रोज नवा हुकूम दिल्यास तो गोंधळतो. पण तीच खूण आज बांधावरून, उद्या ओढ्यातून, परवा जमिनीवर मांडलेल्या काठ्यांवरून चालविताना वापरता येते. त्याने ऐकले की तत्क्षणी लगाम सैल सोडावा. त्या ढिलाईतूनच तो शिकतो. नीट जमले की धडा तेथेच थांबवावा. सुमारे २४०० वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. जबरदस्तीने करवून घेतलेल्या कामात घोड्याची समज नसते, हे त्याने तेव्हाच ओळखले होते.

स्तोत्र ३२ मधील ८ व ९ ही वचने एकत्र वाचावीत. तेथे घोड्याला समज नाही असे म्हटले आहे. पण बोध माणसाला आहे. आपल्याला लगामाने ओढावे लागू नये, नजरेच्या खुणेने आपण चालावे, अशी देवाची इच्छा दिसते. असा धीराचा शिक्षक लाभलेले आम्ही आपल्या मुलांना कसे शिकवितो? रविवारच्या शाळेत वचन पाठ करवून घेतो, अर्थ विचारला तर गप्प बसवितो, आणि मूल जांभई देऊ लागले की रागावतो. हे आमच्याही हातून घडले आहे.

वाचकहो, प्रत्येकाच्या हाती कोणाचा तरी लगाम आहे. चाबकाकडे हात जाण्यापूर्वी आपण दिलेला धडा एकदा तपासून पाहू या.