हा मोर्चा कुणाच्या युद्धाविरुद्ध?



मागच्या गुरुवारी पारायण झाल्यावर चहाच्या वेळी एक विषय निघाला, तो अजून डोक्यातून जात नाही. आमच्या सत्संगातल्या एका ताईंचा मुलगा परदेशात शिकतो. युद्धविरोधी मोर्चात हातात फलक धरलेला त्याचा फोटो त्या कौतुकानं सगळ्यांना दाखवत होत्या. एक काका म्हणाले, "मोर्चा काढून युद्ध थांबलंय होय कधी?" ताईंचा चेहरा उतरला. आम्ही विषय बदलला आणि प्रसादाचं ताट फिरवलं. पण घरी येताना रिक्षात आम्हा दोघी-तिघी सेवेकरी बायकांचं बोलणं त्यावरच चाललं होतं. मोर्च्यानं युद्ध थांबतं का, यापेक्षा आम्हाला वेगळंच विचारावंसं वाटलं. हा मुलगा नेमका कुणाच्या युद्धाविरुद्ध उभा आहे?

इराकचंच उदाहरण बघूया. 15 फेब्रुवारी 2003 ला जगभर मोर्चे निघाले. रोमच्या मोर्च्यात तीस लाखांच्या आसपास लोक होते म्हणतात, त्याची गिनीज बुकात नोंद आहे. लंडनमध्ये पोलिसांच्या हिशोबानंही साडेसात लाख. महिनाभरातच अमेरिकेनं इराकवर हल्ला केला. ज्या शस्त्रांसाठी म्हणून युद्ध केलं, ती शस्त्रं सापडलीच नाहीत. म्हणजे मोर्चेवाल्यांचं म्हणणं बरोबर निघालं. हे आधीच मान्य करून टाकतो, उगाच कुणावर अन्याय नको.

पण त्याच इराकचं इराणशी 1980 ते 1988 अशी आठ वर्षं युद्ध चाललं होतं. 16 मार्च 1988 ला सद्दामच्या फौजेनं हलब्जा गावावर विषारी वायू सोडला, सुमारे पाच हजार माणसं गेली. त्यांत बायका-मुलं किती! तेव्हा लंडन-रोमच्या रस्त्यांवर असा लोंढा आला नव्हता. मेलेल्या बाळाला काय ठाऊक, बॉम्ब अमेरिकेचा की सद्दामचा?

पुढचं तर आणखी विचार करायला लावणारं आहे. 2008 मध्ये ओबामा निवडून आले. इराकच्या युद्धाला त्यांनी 2002 पासूनच विरोध केला होता, म्हणून लोकांना त्यांच्याकडून आशा होती. डिसेंबर 2009 मध्ये त्यांनी अफगाणिस्तानात आणखी 30,000 सैनिक पाठवायचं जाहीर केलं, आणि त्याच महिन्यात शांततेचं नोबेलही घेतलं. मग मोर्चे वाढले का? उलट आटले. हीनी आणि रोहास नावाच्या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी मोर्च्यांत जाऊन लोकांना प्रश्न विचारून याचा अभ्यास केला. डेमोक्रॅटिक पक्षाची माणसं, आपला पक्ष सत्तेवर आल्यावर, रस्त्यावरून घरी गेली होती. युद्ध तेच होतं, फक्त ते करणारं सरकार आता आपलं झालं होतं.

पुढाऱ्यांचं तर विचारूच नका. 1999 मध्ये क्लिंटन यांच्या काळात कोसोव्होसाठी बॉम्बहल्ले चालले होते. त्या वेळी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात पाठिंब्याच्या ठरावाला 213 विरुद्ध 213 मतं पडली. विरोधात बहुतेक रिपब्लिकन होते. तीनच वर्षांनी, ऑक्टोबर 2002 मध्ये, इराकचा ठराव आला तेव्हा राष्ट्राध्यक्ष त्यांच्या पक्षाचा होता. या वेळी विरोधात गेलेले रिपब्लिकन किती? फक्त सहा. दुसऱ्या बाजूला जॉन केरी बघा. तरुणपणी व्हिएतनाममध्ये लढून आले आणि त्याच युद्धाविरुद्ध बोलले. 1991 च्या आखाती युद्धाला त्यांनी विरोध केला, 2002 मध्ये इराकच्या ठरावाला होकार दिला, आणि 2003 मध्ये युद्धासाठीच्या 87 अब्ज डॉलरना नकार. वर सांगितलं काय, की आधी मी बाजूनं मत दिलं होतं, मग विरोधात दिलं! आमच्या घरी भाजीसुद्धा इतक्या वेळा बदलत नाही.

आता मत बदलणं म्हणजे लगेच ढोंग, असं आम्ही म्हणणार नाही. नवी गोष्ट कळली की शहाण्या माणसानं मत बदलावंच. पण जनमत बदललं की यांचं बदलतं आणि खुर्ची बदलली की पुन्हा बदलतं, हे कसं? मत बदलताना स्वतःचं काहीतरी जायला हवं, असं आम्हाला वाटतं.

त्यासाठी त्याच संसदेतल्या एका बाईंचं नाव घ्यावं लागेल. जॅनेट रँकिन. पहिल्या महायुद्धाच्या वेळी, 1917 मध्ये, त्यांनी विरोधात मत दिलं, तेव्हा सोबत आणखी एकोणपन्नास जण होते. डिसेंबर 1941 मध्ये, पर्ल हार्बरवर हल्ला झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, 388 विरुद्ध 1 असं मतदान झालं. तो 1 म्हणजे याच बाई. लोक इतके खवळले की त्यांना टेलिफोनच्या खोक्यात आसरा घ्यावा लागला आणि पोलिसांनी बाहेर काढलं. पुन्हा त्या निवडून आल्या नाहीत. खरं सांगायचं तर त्यांचं 1941 चं मत आम्हाला पटत नाही. घरावर चालून आलेल्याला काय ओवाळायचं? तरी त्या बाईंपुढे आमचे हात जोडले जातात.

आपल्या महाभारतात गांधारी आहे. भरल्या सभेत येऊन तिनं स्वतःच्या मुलाला युद्ध करू नकोस म्हणून सांगितलं. पांडवांना उपदेश करणं तिला किती सोपं होतं! आणि अर्जुन? विराटाच्या गाई सोडवताना भीष्म-द्रोण समोर होतेच की. तेव्हा हात थरथरले नाहीत, कुरुक्षेत्रावर थरथरले. महाराज याबद्दल काय म्हणाले असते, ते आता विचारता येत नाही.

इथवर लिहून झालं आणि पेन थांबलं. दुसऱ्यांचे हिशोब काढताना आमचाही काढायला हवा.

आपलं बेळगाव मराठा लाइट इन्फन्ट्रीचं गाव. रिक्रूटांची धावपळ बघतच आम्ही मोठ्या झालो. इराकसुद्धा या पलटणीला परका नाही, 1916 मध्ये कूट इथं शरण गेलेल्या फौजेत 110 वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. तरी गेल्या वर्षी, म्हणजे मे 2025 मध्ये, पहलगामनंतर कारवाई सुरू झाली तेव्हा आमच्या ग्रुपवर काय चाललं होतं? नामस्मरणाच्या ग्रुपवर विमानांचे व्हिडिओ. खरे-खोटे न बघता आम्हीही पुढे ढकलले. पहलगामचं दुःख खरं होतं, उत्तर द्यायला हवं होतं, यात आम्हाला आजही शंका नाही. पण 10 मे ला संध्याकाळी युद्धविराम जाहीर झाला, तर कितीतरी जणी चिडल्या, "मध्येच कशाला थांबवलं?" त्यांत आम्हीही होतो. सोफ्यावर बसून!

आमच्यातल्या एका वहिनींचा मुलगा तेव्हा जम्मूकडे होता. चारही दिवस त्यांनी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. 11 तारखेला सकाळी त्यांचा मेसेज आला, "आज फोन आला." एवढाच. त्याच्यावर कुणाचातरी विमानाचा व्हिडिओ येऊन पडला आणि तो मेसेज वर सरकला.

मागच्या गुरुवारी मोर्च्यावरून बोलणं चाललं होतं, तेव्हा वहिनी आत चहाचे कप विसळत होत्या. आम्ही हाक मारली, "वहिनी, या ना, तुम्हाला काय वाटतं?" नळ चालू होता. ऐकू आलं नसेल, किंवा आलंही असेल.