पूर्वजांच्या आठवणीचें काय करावें?

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो, आणि त्याचें उत्तर बहुधा घाईनें दिलें जातें. मनुष्यानें आपलें जीवन प्रभूस वाहिलें म्हणजे त्यानें वाडवडिलांच्या कथा, गाणीं व चालीरीति यांचें काय करावें? एक बंधु म्हणतो, सर्व टाकून द्यावें. जुन्या मडक्याचा वास नव्या दुधास लागल्यावांचून राहत नाहीं. दुसरा म्हणतो, सर्व ठेवावें. ज्यास आपला आजा ठाऊक नाहीं त्यास घर कोठलें? आंधळगावासारख्या गांवीं, जेथें कोष्टी बांधवांचे माग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, आणि भंडारा जिल्ह्यांत, जेथें गोंड लोक फार प्राचीन काळापासून नांदत आहेत, हा प्रश्न केवळ वादाचा नव्हे. तो घराघरांतील आहे.

हा प्रश्न एका दूर देशांत फार कठोरपणें सोडविला गेला. ती हकीकत ऐकण्याजोगी आहे.

दक्षिण अमेरिकेंत अँडीज नांवाच्या उंच पर्वतांत इंका राजांचें मोठें राज्य होतें. कुझ्को ही त्यांची राजधानी. त्या राज्यास ते तावान्तिनसुयु, म्हणजे एकत्र जोडलेले चार भाग, असें म्हणत. पर्वतांतून त्यांनीं तीस हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचे रस्ते बांधिले. धान्याचीं कोठारें जागोजाग भरून ठेविलीं. त्यांस लिहिण्याची विद्या नव्हती. तिच्या जागीं किपू असे. एका आडव्या दोरीस अनेक दोऱ्या बांधून, त्यांचे रंग व गांठी यांवरून ते धान्याचा हिशेब व माणसांची गणती ठेवीत. पूर्वींच्या गोष्टीही त्यांत गुंफीत असें जुने लेखक सांगतात. आमच्या विणकर बांधवांस हें ऐकून आनंद होईल कीं, त्या देशांत बारीक विणीच्या वस्त्राचा मान सोन्याहून अधिक होता.

परंतु त्यांचें सर्वच चांगलें होतें असें नव्हे. राजास ते सूर्याचा पुत्र मानीत. मेलेल्या राजांचीं शुष्क शरीरें मेजवानीस बसवून त्यांची पूजा करीत. पर्वतशिखरांवर लेंकरांचा बळी देत, इ. स. १९९९ मध्यें अर्जेंटिना देशांतील एका शिखरावर अशा तीन बालकांचीं गोठलेलीं शरीरें सांपडलीं. तीं निजल्यासारखीं दिसतात, असें पाहणारे सांगतात. अशा रीतीचें समर्थन कोणी ख्रिस्ती मनुष्य करूं शकणार नाहीं.

इ. स. १५३२ च्या नोव्हेंबर महिन्यांत स्पेन देशचा सरदार पिझारो १६८ माणसें घेऊन काहामार्का नगरीं आला. त्याच्याबरोबरच्या व्हाल्व्हेर्दे नांवाच्या धर्मगुरूनें राजा अताहुआल्पा याच्या हातीं पुस्तक दिलें. ज्यानें आजवर पुस्तक पाहिलें नव्हतें, त्यानें तें भूमीवर टाकिलें; आणि तेंच कत्तलीचें निमित्त झालें. राजा कैद झाला. एक खोली एकदां सोन्यानें व दोनदां रुप्यानें भरून देण्याचें वचन त्यानें दिलें. खंडणी आली, तथापि सुटका झाली नाहीं. १५३३ सालीं त्यास मरणाची शिक्षा सांगण्यांत आली: बाप्तिस्मा घेशील तर जाळणार नाहीं, गळा आवळून मारूं. देह जळाला म्हणजे मृतास पुढें स्थान राहत नाहीं, अशी त्या लोकांची समजूत असे. राजानें बाप्तिस्मा घेतला, आणि त्याचा गळा आवळण्यांत आला.

पुढें १५८३ सालीं लिमा नगरींतील धर्मसभेनें, ज्या किपूंत जुने विधि व समजुती बांधिल्या होत्या ते नष्ट करावे, असें ठरविलें. त्याच सभेनें लोकांच्या क्वेचुआ व आयमारा भाषांत प्रश्नोत्तरावलि तयार करविली, हेंही सांगितलें पाहिजे. तें काम चांगलें होतें. तरी त्यानंतरच्या शतकांत गांवोगांव तपासनीस फिरले, पूर्वजांचे देह बाहेर काढून त्यांनीं अग्नींत टाकिले. जे किपू उरले त्यांतील अंक आज वाचतां येतात; कथा कोणासही वाचतां येत नाहींत. हें रोमी पंथीयांनीं केलें, आमचा संबंध नाहीं, असें म्हणून आपणांस सुटतां येणार नाहीं. ज्याच्या हातीं अधिकार आला, त्या प्रत्येकास हा मोह होतो.

त्याच देशांत ग्वामान पोमा नांवाचा एक ख्रिस्ती गृहस्थ होऊन गेला. तो तेथीलच भूमीचा पुत्र. तारुण्यांत तो मूर्तिपूजा मोडणाऱ्या अधिकाऱ्याचा मदतनीस होता, तथापि इ. स. १६१५ च्या सुमारास त्यानें स्पेनच्या राजास सुमारें बाराशें पानांचें पत्र लिहिलें, व त्यांत जवळजवळ चारशें चित्रें काढिलीं. त्यांत त्यानें पूर्वजांची राज्यव्यवस्था वर्णिली, त्यांच्या मूर्तिपूजेस मूर्तिपूजाच म्हटलें, आणि बायकांस विनावेतन विणावयास लावणाऱ्या पाद्र्यांचा अन्यायही निर्भयपणें मांडिला. तें पत्र १९०८ सालीं कोपनहेगन येथील ग्रंथालयांत सांपडलें. त्यानें कांहीं लपविलें नाहीं, व कांहीं पुजिलें नाहीं.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. स्कॉटलंडचे पाद्री स्टीफन हिस्लप १८४५ सालीं नागपुरास आले. त्यांच्या नांवाचें महाविद्यालय तेथें सर्वांस ठाऊक आहे. शाळा व उपदेश यांबरोबरच ते गोंड लोकांच्या भाषा, चालीरीति व गाणीं टिपून घेत. परधान गायकांच्या परंपरेंत लिंगोचें गीत चालत आलें आहे: गुहेंत कोंडलेल्या गोंडांस लिंगोनें सोडविलें, व त्यांचीं कुळें बांधून दिलीं. आज गोंदिया जिल्ह्यांत असलेल्या, व १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यांत मोडणाऱ्या, कचारगडची गुहा तीच, असें गोंड लोक मानितात; माघी पौर्णिमेस तेथें मोठी यात्रा भरते. हिस्लप साहेब ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटाहून परत येत असतां पुराच्या ओढ्यांत बुडून वारले. त्यांचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापून प्रसिद्ध केले, व त्यांत लिंगोचें गीत आहे. तो धर्म खरा आहे असें हिस्लप मानीत नव्हते. तरी त्यांनीं तें गीत पुसलें नाहीं, लिहून ठेविलें. पेरूंत किपू जळाले. नागपूर प्रांतांत गीत उरलें.

येथें कोणी बंधु विचारील: इफिस येथील विश्वासणाऱ्यांनीं आपलीं जादूचीं पुस्तकें सर्वांसमक्ष जाळलीं नाहींत काय? जाळलीं, हें खरें. परंतु कोणी जाळलीं? ज्यांचीं होतीं त्यांनींच, आपखुषीनें, मनाची पालट झाल्यावर. पौलानें दुसऱ्याच्या घरीं जाऊन आग लाविली नाहीं. अथेनै येथें तो त्यांच्या वेद्या पाहत हिंडला, आणि त्यांच्याच कवींच्या वचनांपासून बोलूं लागला. सारा भेद याच एका गोष्टींत आहे. जें माझें आहे तें प्रभूच्या प्रकाशांत पारखून टाकण्याचा अधिकार मला आहे. शेजाऱ्याचें हिसकावून जाळण्याचा नाहीं.

आणि आठवण ठेवणें म्हणजे पूजा करणें नव्हे. यहोशवानें शखेमांत इस्राएल लोकांस जमविलें, तेव्हां अब्राहामाचा बाप तेरह नदीपलीकडे अन्य देवांची सेवा करीत होता, ही गोष्ट त्यानें लपविली नाहीं. ती उघड सांगूनच त्यानें त्यांस निवड करावयास सांगितलें. ज्यास आपण कोठून निघालों हें ठाऊक नाहीं, तो कृपेनें किती दूर आणिलें हें कसें सांगणार? ज्या मंडळीस आपल्या पूर्वजांची लाज वाटावयास शिकविलें जातें, ती हळूहळू आपल्या शेजाऱ्यांचाही तिरस्कार करूं लागते. आणि तिरस्कार करणाऱ्याच्या तोंडची सुवार्ता कोण ऐकेल?

म्हणून उपदेशक बंधूंस विनंती आहे. गांवांतील वृद्ध मनुष्य जुनी कथा सांगूं लागला तर त्याचें तोंड मिटवूं नका. बसून ऐका, आणि लिहितां येत असेल तर लिहून ठेवा. विणकराच्या हातास ठाऊक असलेली विद्या, गोंड मातेच्या तोंडचें अंगाईगीत, शेजाऱ्यास पेरणीस मदत करण्याची रीत, यांत जें चांगलें आहे तें देवाचेंच दान आहे. ज्यांत भय, भेद व हिंसा आहे, त्याविषयीं प्रेमानें पण स्पष्टपणें बोला. आणि टाकावयाचें तें ज्याचें आहे त्यानेंच आपल्या हातानें टाकूं द्या. दबावाखालीं टाकिलेली मूर्ति रात्रीं परत घरांत येते. आनंदानें टाकिलेली येत नाहीं.

प्रभूनें अताहुआल्पाचा बाप्तिस्मा कसा मोजिला, हें आपणांस सांगतां येत नाहीं. न्याय त्याचा आहे. परंतु तो बाप्तिस्मा देणारांविषयीं आपण एवढें शिकूं शकतों कीं, दोरीच्या फांसाबरोबर दिलेलें पाणी सुवार्तेची साक्ष देत नाहीं. आपल्या मंडळ्यांत जो कोणी येईल, तो आपल्या पायांनीं, आपल्या नांवानें व आपल्या पूर्वजांच्या खऱ्या आठवणीसह येवो.