वर्गणीदाराचे ऋण

गेल्या महिन्यात माझ्या हातून एक लहानसे असत्य घडले. माझा एक जुना विद्यार्थी एक मासिक चालवितो व मी त्याचा पहिल्या वर्षापासूनचा वर्गणीदार आहे. रस्त्यात गाठ पडली तेव्हा त्याने संकोचाने विचारले, "सर, या अंकातला माझा लेख कसा वाटला?" मी तत्काळ म्हणालो, "उत्तम!" वस्तुतः त्या अंकाचे वेष्टनही मी फोडले नव्हते. त्याच्या मुद्रेवर जो आनंद पसरला, तो मला घरी येईपर्यंत टोचत राहिला.

घरी येऊन मी हिशेब मांडला. माझ्याकडे पाच मासिके येतात. प्रत्येकाची 100 पृष्ठे धरली तर महिन्याला 500 पृष्ठे होतात. विचारपूर्वक वाचावयाचे तर तासाला 20 पृष्ठांहून अधिक उरकत नाहीत. म्हणजे 25 तास हवेत. अध्यापन, उत्तरपत्रिका व संसार यांतून मला रोज अर्धा तास, म्हणजे महिन्याला 15 तास, मिळतात. दहा तासांची ही बाकी दरमहा साचत जाते. आणि 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'द्वारे पाडलेल्या प्रथेस अनुसरून दिवाळी अंक येतात, तेव्हा तर दिवाळेच निघते!

यावर कोणी म्हणेल की, वर्गणी भरली म्हणजे कर्तव्य संपले. न वाचणाऱ्यांच्या पैशावरही मासिके जगतात. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. परंतु पैसा देणे हे साहाय्य होय, वाचणे हा संवाद होय. पहिल्याने छपाईचा खर्च निघतो. लेखक लिहितो तो मात्र दुसऱ्यासाठी. साहाय्य करून संवादाचे श्रेय घेणे, हाच माझा अपराध होता.

मग थोडकेच निवडावे काय? पुष्कळ ग्रंथ चाळण्यापेक्षा थोडक्यांत मुरावे, असा उपदेश रोमन तत्त्ववेत्ता सेनेका याने ल्युसिलियसला लिहिलेल्या पत्रांत केला आहे. उपदेश योग्य आहे. पण निवड करताना मन आपल्याच मताचे सोबती गोळा करते, हा त्यातला धोका. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली सुरू केलेल्या 'निबंधमाले'चे 84 अंक निघाले. त्यांत लोकहितवादी व जोतीराव फुले यांच्यावर कठोर टीका आहे. जो केवळ 'माला'च वाचील, त्याला हे दोघे प्रतिपक्षाच्या तोंडूनच कळतील. ज्याला वेळ थोडा, त्याने विरोधी मतासाठी त्यातला वाटा आधी राखून ठेवावा. कारण उरल्यावर देऊ म्हटलेला वेळ कधीच उरत नाही.

माझ्या 15 तासांत तीन मासिके बसतात. एक माझ्या आवडीचे, एक मला न पटणारे आणि एक त्या विद्यार्थ्याचे, अशी मी ठेविली. उरलेल्या दोहोंपैकी एक बंद करीन. दुसऱ्यास पैसे पाठवीत राहीन, परंतु ती देणगी आहे हे स्वतःशी कबूल करून.

त्याच रात्री मी ते वेष्टन फोडले. लेख उत्तम नव्हता. त्यातले दोन मुद्दे कच्चे होते. एक मात्र मला सर्वस्वी नवा होता. हे सर्व, माझ्या त्या असत्यासह, मी त्याला पत्राने कळविले आहे. उत्तराची वाट पाहत आहे.